नसलेलं नाव

वासुकी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढली. १९९४ साली ती एका नव्या खासगी कंपनीत प्रुफं तपासत होती. गावात घरोघरी फोन येऊ लागले होते आणि ही कंपनी जिल्ह्याची टेलिफोन डिरेक्टरी काढत होती. पोंगलच्या आत पुस्तक बाजारात यायला हवं, म्हणून मॅनेजर हरिप्रसाद यांनी शेवटचं वाचन होऊच दिलं नाही. एका प्रसूतिगृहाच्या नावापुढे तांदळाच्या गिरणीचा नंबर छापला गेला.

मालक गोपालकृष्ण मद्रासहून चौकशीला आले. हरिप्रसाद सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटचं वाचन वासुकीबाईंकडे होतं, सार. मी विश्वास ठेवला."

वासुकी बोलायला उठली, तोवर मालक उठून गेले होते. दुसऱ्या दिवसापासून तिला दाराजवळ बसून पाकिटं चिकटवायचं काम मिळालं.

वर्षभर ती तिथून सगळ्यांना न्याहाळत राहिली. कुणाला काय येतं ते मनात टिपून ठेवलं. त्यात माया नव्हती. हरिप्रसादांना खाली खेचताना कोण उपयोगी पडेल, एवढंच तिला बघायचं होतं. हरिप्रसाद सगळ्यांना आळीपाळीने सगळी कामं करायला लावत. फोनवर अडखळणाऱ्या सदाशिवला ते दिवसभर फोनवर बसवत, पण ओरत्तनाडूपर्यंतची गल्ली न् गल्ली त्याला पाठ होती. भुवनाला उन्हात दुकानं हिंडायला लावत. फोनवर एकदा ऐकलेलं नाव मात्र ती कधी चुकत नसे.

पुढच्या आवृत्तीच्या आधी वासुकीने मालकांना पत्र लिहिलं, "मला अर्धा जिल्हा द्या. हरिप्रसादांच्या अर्ध्यापेक्षा एक जरी चूक जास्त निघाली तर मला काढून टाका."

मालकांनी दिला. हरिप्रसाद हसले आणि त्यांनी पदवीवाली माणसं आपल्याकडे घेतली. सदाशिव आणि भुवना तिच्या वाट्याला आले. तिने सदाशिवला सायकलवर धाडलं, भुवनाला फोनवर बसवलं आणि वाचन स्वतःकडे ठेवलं. तिघं एकमेकांचं काम पुरं होईस्तोवर थांबत. छापायच्या आधी मालकांनी दोन्ही भाग मद्रासला तपासून घेतले. तिच्या भागात सहा चुका निघाल्या, हरिप्रसादांच्या भागात दोनशेहून जास्त.

"हरिप्रसादला कुंभकोणमला पाठवतो," आता मॅनेजर झालेल्या वासुकीला मालक म्हणाले.

"नको, सार. इथेच राहू द्या. त्यांचा आवाज चांगला आहे."

तिने त्यांना आपल्या टेबलासमोर लाकडी खुर्चीवर बसवलं. त्यांनी एकेक नाव, एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, तिने प्रुफात बघायचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला.

"अक्का, आज पुरे ना?" भुवना हळूच म्हणाली.

"तिरुवैयारूची पानं राहिलीत," वासुकी म्हणाली.

पण ते वाचत खरंच छान. एकही आकडा गिळत नसत, सारख्या नावांत स्वर बदलत, तिची नजर ढळली तर थांबत. चुका शून्यावर आल्या. एके दुपारी गरम पाण्याचा पेला हातात धरून ते म्हणाले, "या ऑफिसात मला नीट जमलेलं हे पहिलंच काम, वासुकीबाई."

तिला ते मुळीच आवडलं नाही. शिक्षा म्हणून दिलेली खुर्ची त्यांना मानवत होती, आणि ती काढून घ्यावी तर पुस्तकात चुका शिरल्या असत्या. ती तिने काढली नाही.

शेवटचं पान पुस्तक तयार करणाऱ्यांच्या नावांचं होतं. ते तिने स्वतः लिहून छापखान्यात दिलं होतं. प्रूफ आलं, तेव्हा तिने ते हरिप्रसादांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. सदाशिव. भुवना. टंकलेखक, बाइंडर, पाणी भरणारी सरोजा. आपलं नाव नाही हे त्यांना मध्येच कळलं असावं, कारण एका ओळीवर ते थोडे रेंगाळले. मग त्याच स्पष्ट आवाजात त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली.

"काही सुटलंय का?" तिने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही, बाई. बरोबर आहे."

वासुकीने पानावर सही केली आणि ते छपाईला धाडलं. तिला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस बरंच वाटत राहिलं.