तीन खिडक्या आणि अज्जाचे पेले

बाळांनो, जरा डोळे मिटा. समोर एक उंच भिंत आहे असं समजा. भिंतीपलीकडे अख्खं जग भरलेलं आहे. पुस्तकं, नकाशे, गाणी, बाजार, आणि हो, परीक्षासुद्धा. भिंतीला दार एकही नाही. खिडक्या मात्र तीन आहेत आणि तिन्हींतून जग तेच दिसतं. एक खिडकी पटकन उघडते. दुसरी रंगीबेरंगी, तिला घुंगरं लावलीत. तिसरी जड, उघडताना कुरकुरते. तुम्ही कुठली उघडाल?

थांबा, लगेच बोट दाखवू नका. लातूरच्या रुद्राणीनंही दाखवलं नव्हतं.

रुद्राणी सहावीत होती. क्लासच्या गल्लीमागं तिचं घर. वरच्या खोल्यांत धर्माबादची, अहमदपूरची पोरं भाड्यानं राहायची. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला आलेली. खाली आई-बाबा, बारावीतली साक्षीताई, रुद्राणी आणि अज्जा. अज्जा म्हणजे तिचे आजोबा, शरणप्पा. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात गाव बसलं, त्यानंतर ते लातूरला आले.

पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या वरच्या फळीवर अज्जाचे पेले. दोन स्टीलचे पेले, तोंडाला तोंड लावून उभे केलेले, वर एक झाकणी. जमीन जराशी हलली तरी झाकणी खळ्ळकन खाली पडावी आणि माणसांनी बाहेर पळावं, एवढ्यासाठी. भूकंपानंतर घरोघर असे पेले असत. आता गल्लीत फक्त अज्जाचेच उरले होते. मोठा ट्रक गेला तरी ते पडत. अज्जा न चुकता पुन्हा उभे करीत.

आता त्या कॉम्प्युटरचं ऐका. इंटरनेटचं जग ज्या खिडकीतून बघतात तिला ब्राउझर म्हणतात. या कॉम्प्युटरवर तीन ब्राउझर होते. त्यांची नावं इंग्रजी आणि लांबलचक. रुद्राणीनं चित्रं बघून आपली नावं ठेवली होती: बाण, पोपट आणि कासव.

आदल्या रविवारी साक्षीताई बाणावर क्लासची ऑनलाइन परीक्षा देत होती. मध्येच लाइट गेली. लाइट आली तेव्हा बाण उघडला, पण कोरा. ताईनं दिलेली सगळी उत्तरं पुसली गेली होती. क्लासवाल्यांनी सांगितलं, येत्या रविवारचा पेपर शेवटचा. त्यावरच वरच्या बॅचची नावं ठरतील. ताई तेव्हापासून जेवताना कुणाशी बोलत नव्हती. बोलली ती एकदाच, "यावेळी पण गेलं ना, तर संपलं."

रुद्राणीला पेपरातलं काही कळत नव्हतं. पण तीन खिडक्यांतली कुठली धरावी, एवढं तरी शोधता येईल, असं तिला वाटलं.

ती समोर गेली. समोर जलीलचाचांचं गाद्यांचं दुकान. क्लासची पोरं वाढली तशा चाचांच्या गाद्याही वाढल्या होत्या. त्यांचा मुलगा जीशान कॉम्प्युटर शिकत होता.

"जीशानभाई, सगळ्यात चांगला ब्राउझर कुठला?"

"बाण," जीशान कापूस झटकत म्हणाला. "एकदम फर्राट."

"मग ताईचा पेपर कसा गेला?"

"लाइट गेली तर ब्राउझर काय करंल? महावितरणचा राग बाणावर काढून राहिली तू."

"पोपट?"

"त्याच्यात लई सोयी हायत. गेम, हवामान, बातम्या, रंग."

"आणि कासव?"

जीशान हसला. "ते म्हातारे लोक वापरतात."

रुद्राणी घरी आली. तिनं तीन वाट्या मांडल्या आणि डब्यातले चिंचोके घेतले. जो ब्राउझर जिंकेल त्याच्या वाटीत चिंचोका. पहिली शर्यत उघडण्याची. बाण जिंकला. दुसरी शर्यत सोयींची. पोपट जिंकला, त्यानं तर उघडताच लातूरचं ऊन किती तेही सांगितलं. कासव दोन्हीकडे मागं. त्याची वाटी रिकामी.

अज्जा खाटेवरून बघत होते. "काय गं, काय खेळ मांडलास?"

"खेळ न्हाई अज्जा. चांगला कुठला ते बघून राहिले."

"आणि कसं बघून राहिलीस?"

"कोण लवकर उघडतं, कोणात सोयी जास्त."

अज्जांनी पाय खाली सोडले. "आमचं गावातलं घर बघितलं असतंस, तर तू त्याला सगळे चिंचोके दिले असतेस. भिंती दोन हात रुंद. उन्हाळ्यात गार. छतावर हातभर माती. पावणे म्हणायचे, शरणप्पा, घर बांधावं तर असं. आणि शेजारच्या मारोतीचं घर म्हंजे कुडाचं, वर पत्रा. आम्ही हसायचो त्याला."

"मग?"

"मग त्या पहाटे जमीन हलली. आमच्या रुंद भिंती आमच्याच अंगावर आल्या. मारोतीचं खोपटं डुललं आणि उभं राहिलं." अज्जांनी फळीवरच्या पेल्यांकडे बघितलं. यापुढचं ते कधी सांगत नसत. "त्या दिवसापासून मी कुठलंबी घर बघितलं की एकच इचारतो. हललं तर काय होतं?"

रुद्राणीनं वाट्यांतले चिंचोके पुन्हा डब्यात ओतले. आता जो धक्का सोसेल त्यालाच चिंचोका.

क्लासच्या वेबसाइटवर एक सरावाचा पेपर होता. तो कुणीही कितीही वेळा सोडवावा. रुद्राणी तो उघडी, पाच-दहा प्रश्नांना अंदाजानं टिचक्या मारी आणि मग धक्का देई. कधी इंटरनेटची वायर काढी. कधी एकदम वीस-पंचवीस पानं उघडून ठेवी. कधी सरळ बटण बंद करी, लाइट गेल्यासारखं. आई ओरडली, "अगं, जळंल की ते!" बटणाचा धक्का मग दिवसातून एकदाच द्यायचा असं ठरलं.

बाण पानं पटापट उघडी, पण बटण बंद झालं की सगळं विसरे. जीशाननं येऊन त्याच्या आत काहीतरी बदललं, तरी कधी आठवे, कधी नाही. "नशिबावर हाय तुझा बाण," रुद्राणी म्हणाली. पोपट तर वेगळंच करी. मध्येच लाल पाटी झळकवी: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, इथं दाबा.

"दाबू?"

"हात लावू नको!" जीशान धावला. त्यानं पोपटाच्या आत जाऊन बघितलं. "ह्याला कुणी अपडेटच केलं न्हाई, बघ. आणि ह्याच्या अंगावर नाही नाही ते चिकटलंय."

"अपडेट म्हणजे?"

"तुझे अज्जा दरसाली घराभोवती फिरून भेगा बुजवतात ना? तसं. ब्राउझरला पण भेगा पडतात. बनवणारे त्या बुजवायला गिलावा पाठवतात. आपण तो लावून घ्यायचा. न्हाई घेतला तर भेगेतून इंचू-काटा आत."

पोपटाची वाटी रुद्राणीनं उचलून स्वयंपाकघरात परत ठेवली.

राहिलं कासव. वायर काढली, ते थांबलं, वायर लावली, चालू लागलं. बटण बंद केलं, परत सुरू केलं, तर ते कुरकुरत उघडलं आणि तोच पेपर, तोच प्रश्न, त्याच टिचक्या. भेगाही बुजवलेल्या. शनिवारपर्यंत त्याची वाटी भरली. जीशान वाटीकडे बघून म्हणाला, "चल, मान्य. म्हातारं जिंकलं."

शनिवारी संध्याकाळी रुद्राणीला वाटलं, शेवटचा एक धक्का देऊ. तिनं बटण बंद केलं, सुरू केलं, कासव उघडलं, आणि ओळखीचं हिरवं बटण दिसलं: सुरू करा. आठवडाभर ती तेच दाबत होती. हात सरावला होता. तिनं दाबलं.

पडद्यावर एक चौकोन आला. *साक्षी, ही परीक्षा एकदाच देता येते. घड्याळ सुरू करायचं?*

रुद्राणीचा हात तसाच राहिला. हा सरावाचा पेपर नव्हता. हा ताईचा पेपर होता, उद्याचा, आज संध्याकाळीच खुला झालेला. ताईनं मागं कधीतरी कासवावरून क्लासचं खातं उघडलं असणार. कासवानं तिचा पासवर्ड लक्षात ठेवला होता, आणि आता न विचारता आत घेतलं होतं. समोर कोण बसलंय ते त्यानं बघितलंच नव्हतं.

तिनं जपून "नाही"वर दाबलं. तेवढ्यात जिन्यावरून चपला वाजल्या. अहमदपूरचा व्यंकट खाली आला.

"रुद्राणी, सरक की जरा. एक प्रिंट काढायचीय."

ती सरकली नाही. "आज बंद हाय."

"चालू दिसतोय की!"

"बंद हाय म्हणलं ना!"

व्यंकट हसत परत वर गेला. वरची सगळी पोरं इथं येऊन बसायची, कुणी प्रिंटला, कुणी निकाल बघायला. वाईट कुणीच नव्हतं. पण तिचा स्वतःचा हात तरी कुठं वाईट होता? ती अज्जांच्या खाटेपाशी जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं.

"कासव पडत न्हाई अज्जा. पण कुणालाबी आत घेतं."

अज्जा एकदम हसले. "आमच्या पत्र्याच्या शेडात असंच झालतं. भूकंपानंतर आम्ही रात्री दार लावायचंच सोडलं. पळायला मोकळं असावं म्हणून. तर एके दिवशी सकाळी बघतो, कुत्रं चुलीपाशी बसून भाकऱ्या खाऊन राहिलंय. निवांत. तुझी अज्जी लाटणं घेऊन धावली."

"मग दार लावलं?"

"लावलं. पण आतून पटकन निघंल अशी कडी केली, आणि अंधारात हाताला सापडती का ते घरातल्या सगळ्यांना करून बघायला लावलं. डोळे बांधून. तुझ्या बाबाला तर तीन दिवस सापडली न्हाई."

रुद्राणी उठली. जीशानला विचारून तिनं कासवाच्या आठवणीतला पासवर्ड पुसला आणि यापुढं ठेवू नको असं कासवाला बजावलं. मग ती ताईकडे गेली. आधी झालेलं सांगितलं. ताई ताडकन उठली.

"तू दाबलंस?"

"एकदा. मग नाही म्हणलं. घड्याळ चालू झालं न्हाई, बघ तू."

ताईनं धावत येऊन बघितलं. खरंच चालू झालं नव्हतं. ती खुर्चीत बसली, रुद्राणीच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिला जवळ ओढलं.

"आता पासवर्ड टाक बघू," रुद्राणी म्हणाली.

ताईनं बोटं ठेवली. टाकला. चुकला. परत टाकला. चुकला. आजवर तो यंत्रानंच टाकला होता. ताईला आठवतच नव्हता.

"दोन धक्क्यांत तू पण पडलीस, ताई!"

"गप गं, महामाये." पण ताई हसत होती, आठवड्यात पहिल्यांदा. तिनं नवा पासवर्ड केला. रुद्राणीनं तो बघितला नाही, तोंड फिरवून उभी राहिली. मात्र नंतर तिनं ताईला सोडलं नाही. ताई कणीक मळत असली तरी "टाक", केस विंचरत असली तरी "टाक". पिठाच्या हातानं सुद्धा ताईला तो टाकता येऊ लागला.

रविवार उजाडला. ताई कासवावर बसली. रुद्राणी दाराच्या उंबऱ्यावर, कुणी आत येऊ नये म्हणून. पेपर निम्म्याच्या पुढं गेला आणि पंखा हळू हळू थांबला. लाइट गेली.

ताई दचकून उठली, तिचा खांदा फळीला आदळला आणि अज्जाचे पेले खळ्ळकन खाली आले.

"बाहेर! सगळे बाहेर!" अज्जा खाटेवरून उठून अनवाणी अंगणात धावले. वरची पोरंही धडधडत खाली आली. ताई अंधाऱ्या पडद्याकडे बघत जागची हलली नाही. रुद्राणीनं एकदा ताईकडे बघितलं, एकदा अंगणाकडे. मग ती पळत जाऊन अज्जांचा हात धरून उभी राहिली.

"जमीन न्हाई हलली अज्जा. लाइट गेली. ताई धडकली फळीला."

"नक्की?"

"नक्की. हात बघा माझा, हलतोय का?"

अज्जांचाच हात हलत होता. तो थांबेपर्यंत ती तिथंच राहिली. समोरून जलीलचाचा ओरडले, "आली का न्हाई तुमच्याकडं?" आणि तेवढ्यात पंखा फिरू लागला.

आत कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, कासव कुरकुरत उघडलं. मग कळफलकाची टकटक ऐकू आली. एकदाच, न अडखळता. कासवानं विचारलं होतं, तू कोण, आणि ताईनं सांगितलं होतं. रुद्राणी दारात आली तेव्हा पडद्यावर पेपर होता, तोच प्रश्न, वरची सगळी उत्तरं जागच्या जागी. ताईनं मागं वळून बघितलं नाही. ती पुढचा प्रश्न वाचत होती.

पेपर संपला. ताई उठली, आईला म्हणाली, "वाढ गं, लई भूक लागली," आणि आत गेली. खुर्ची रिकामी झाली. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात अजून लिहिलेलं होतं: साक्षी.

रुद्राणी खुर्चीवर चढून बसली. तिनं ताईचं खातं बंद केलं. मग कासव बंद केलं. मग ते पुन्हा उघडलं, आता आत घेतं का बघायला. कासवानं पासवर्ड विचारला.

तेव्हा कुठं ती खाली उतरली, खाटेखाली गडगडलेले दोन पेले शोधले, तोंडाला तोंड लावून फळीवर उभे केले आणि वर झाकणी ठेवली. मग बोटानं फळीला हळूच एक टिचकी मारून बघितली.