पोशीरच्या डोहातली आंघोळ

मुलं लांबून बघायला गोड असतात, असं माझं मत होतं आणि ते मी कोणापासून लपवलेलं नव्हतं. चौकच्या शाळेत दिवसभर ती हवी तेवढी बघायला मिळत. घरी तरी शांतता असावी म्हणून मास्तरांनी लग्न केलं नाही, असं गावात बोललं जायचं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

अशा माझ्या गळ्यात सतरा सालच्या माघात दोन मुलं पडली. कर्जतला उंदीर पडायला लागले होते. प्लेगची आम्हाला सवय झालेली. उंदीर पडले की घरं मोकळी करायची आणि शेतात झोपड्या घालून राहायचं. पण तिथे दिलेली माझी धाकटी बहीण विमल नेमकी निघायच्या आदल्या दिवशी तापली, आणि तिच्या काखेत गाठ आली. मेव्हणे तिच्यापाशी राहिले. मुलांना मी न्यावं असं ठरलं. मी न्यायला गेलो तेव्हा ती खाटेवरूनच म्हणाली, "अप्पा, जवळ येऊ नकोस. पोरांना मोकळं खेळू दे तिकडे. रडवू नकोस त्यांना. तुझा हात चालतो, मला माहीत आहे."

"नाही रडवणार," मी दारातूनच म्हटलं.

पोशीरला नदीच्या काठी धाऊचं शेत होतं. आमच्या वडिलांपासूनची त्याची ओळख. भात निघाल्यावर त्याने वाल पेरले होते आणि वालाच्या कडेला आमच्यासाठी कुडाची झोपडी घालून ठेवली होती. पद्मजा आठ वर्षांची, शशिकांत चार वर्षांचा. पहिल्याच सकाळी मी दोघांना पाढे म्हणायला बसवलं. शशीने भोकाड पसरलं. धाऊची बायको जिजा बाहेर गवत कापत होती. ती म्हणाली, "मास्तर, पोरा रडवायची व्हती तर साळंतच न्यायची ना. हितं कशाला आनली?"

मला राग आला. पण बहिणीला दिलेला शब्द तिसऱ्या प्रहरापर्यंतही टिकला नव्हता, हे खरंच होतं. पाढे बंद झाले.

मग काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मुलांना होतं. नदीत दगड लावून बांध घालायचा, तो फुटला की टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा घालायचा. कपारीत काडी घालून चिंबोरी बाहेर काढायची आणि ती नांग्या उगारून बाहेर आली की किंचाळत पळायचं. पेंढ्याच्या उडवीवरून घसरायचं. बोरीखाली चादर धरायची आणि मामाने झाड हलवायचं. मी शशीला खांद्यावर घेऊन टेकडी चढलो, उतरताना घसरून आपटलो, आणि तो म्हणाला, "मामा, परत पड." एकदा तर मी वालाच्या शेतात चारी पायांवर घोडा झालो होतो. चौकच्या माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने ते पाहिलं असतं, तर माझी छडी जन्मभरासाठी निकामी झाली असती. पण मला मजा येत होती. तिकडे बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि इकडे मला आयुष्यात पहिल्यांदा मजा येत होती.

कर्जतची बातमी रोज धोंडी आणायचा. तो मेव्हण्यांच्या घरच्या कामाचा माणूस. प्लेगच्या घरून येतो म्हणून झोपडीजवळ यायचा नाही, लांबच्या बांधावरून ओरडून सांगायचा, "ताप हाय, पन बोलत्यात!" शशी तिकडून हात हलवायचा आणि खेळायला पळायचा. पद्मजा मात्र धोंडी दिसेनासा होईपर्यंत बांधाकडे बघत राहायची.

त्या दिवशी धाऊने पोपटी लावायची ठरवली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. धाऊच्या हातचं खायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात उठलाच असता. शेंगांना पाण्याचा थेंब लागत नाही, तेव्हा सोवळ्याला बाध येत नाही, असा निकाल मीच देऊन टाकला होता. मुलं सकाळपासून काटक्या गोळा करत होती.

जाळ लागला आणि बांधावर धोंडी दिसला. आज तो ओरडला नाही. मी चालत गेलो तेव्हा तो हात जोडून उभा होता.

"मास्तर, ताई गेल्या. सकाळच्यालाच. समदं उरकलं. दादा बोललं, पोरांना इतक्यात सांगू नका. मी सवता येऊन सांगतो."

मी मागे वळलो. जाळाभोवती शशी उड्या मारत होता. रडवू नकोस, असं ती म्हणाली होती. मेव्हणे येईपर्यंत तरी ही मुलं हसती ठेवायची, एवढंच मला तिच्यासाठी करता येण्यासारखं उरलं होतं.

पण मरणाची बातमी कानावर आली की आंघोळ करायची असते. अंगावरच्या कपड्यांसकट. ती मी टाळणार नव्हतो, आणि मुलांची टाळायला मला अधिकार नव्हता. त्यांची आई होती ती.

"चला रे," मी म्हटलं, "पोपटी होईपर्यंत डोहात उड्या मारू."

"सदरा काढू?" शशीने विचारलं. पहिल्या दिवशी सदरा भिजवला म्हणून त्याने माझा मार खाल्ला होता.

"नको. आज कपड्यांसकट."

त्याचा विश्वास बसेना. मी धोतरासकट पाण्यात शिरलो तेव्हा तो हसत हसत माझ्या अंगावरच येऊन पडला. पाणी थंडगार होतं. मी त्याला धरून बुडवलं, वर काढलं. तो म्हणाला, "आणखी."

पद्मजा काठावर उभी होती. मागच्या वर्षी तिची वडिलांकडची आजी अलिबागला वारली, तेव्हा तार वाचून सगळं घर लुगड्या-धोतरांनिशी विहिरीवर गेलं होतं. त्यात तीही होती. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

ती पाण्याच्या कडेला आली आणि शशीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामा, कोण?"

मी शशीला आणखी एकदा बुडवून वर काढलं.

"बाबा की आई?"

"आई," मी म्हटलं.

ती परकरासकट आत आली. नाक धरून खाली बसली. बराच वेळ वर येईना, म्हणून मी हात घातला, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. ती वर आली. शशीने तिच्या तोंडावर पाणी उडवलं. तिने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मग त्याच्यावर पाणी उडवलं. मला म्हणाली, "त्याला सांगू नका. त्याला पोपटी खाऊ दे."

जिजाने सुकी फडकी दिली. धाऊने मडकं फोडलं, वाफ आली. पद्मजा शेंगा सोलून दाणे शशीच्या तोंडात घालत होती. स्वतः एकही खाल्ला नाही. तो ओले केस झटकत जाळापाशी बसला होता, इतका खूष की त्याला नीट चावताही येत नव्हतं.

"ताई, उद्यापण कपड्यांसकट आंघोळ करू या?"

मी जाळात काटकी सारली.

"नाही रे," पद्मजा म्हणाली, "ही रोज नसते." आणि तिने पुढची शेंग सोलायला घेतली.