मोजणी होईपर्यंत

“बसू का?” आबांनी विचारले.

“अजून नाही,” मावशी म्हणाल्या.

आबा पलंगाचा कठडा धरून उभे होते. पाय लटलट कापत होते. मावशी समोरच होत्या, पण आधार देत नव्हत्या. आबा संसदेचे सभासद; तिथे सभागृहात आधार द्यायला कोण येणार? तिथली रीत अशी, की ठरावाच्या बाजूचे सभासद आपापल्या जागी उभे राहतात आणि कारकून रांगेरांगेने मोजत येतो. तो पोचायच्या आत जो खाली बसला, त्याचे मत गेले. आबांची रांग सगळ्यात मागची, आणि कारकून स्वभावाने निवांत.

ठराव होता शेजारच्या देशात गेलेले सैन्य परत बोलावण्याचा. मावशींचा एकुलता एक मुलगा त्या सैन्यात होता.

मावशी या घरी आबांच्या देखभालीला होत्या. औषधे, आंघोळ, जेवण, सगळे त्याच बघत. आजवर त्यांनी आबांना तळहातावरच्या फोडासारखे जपले होते. ठरावाची तारीख पडली आणि बाई एकदम हवालदार झाल्या. सकाळी कवायत, संध्याकाळी कवायत. आबा कुरकुरत, पण उठत. सैन्य पाठवायचा ठराव आला होता, तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच उभे राहिले होते.

“तेव्हा टुणकन उठलो होतो,” ते म्हणत. मग पुन्हा कठडा धरत.

सभागृहात जायला डॉक्टरांनी साफ नकार दिला होता. आबा हट्टाला पेटलेले. मध्ये सापडली आबांची सून. शेवटी तिने मावशींना स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतले.

“मावशी, तुम्ही रोज बघता त्यांना. खरं सांगा, झेपेल?”

झेपणार नव्हते. आबांची धाप आणि पायांवर चढत चाललेली सूज मावशींइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. पण त्यांच्या मुलाचा फोनही बरेच दिवस आला नव्हता. शेवटच्या फोनवर, जेवलास का म्हटल्यावर तो हो म्हणाला होता आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला होता. असा गप्प बसणारा पोरगा नव्हता तो.

“झेपेल,” मावशी म्हणाल्या.

सुनेचा जीव भांड्यात पडला. मावशींना स्वतःची लाज वाटली, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

ठरावाच्या दिवशी भाषणे संपता संपेनात. ज्यांचे तिकडे कुणीच नव्हते, ते सगळ्यात जास्त बोलले. मावशी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसून फक्त आबांच्या पाठीकडे बघत होत्या. मतदान कधी पुकारतील याचा नेम नव्हता आणि एकदा दारे बंद झाली की आत घेत नाहीत, म्हणून म्हातारा जागचा हलला नव्हता.

मतदान पुकारले. आबांनी पुढचा बाक धरून जोर लावला आणि धपकन खाली आले. दुसऱ्यांदा मात्र ते उठले. कारकून एकेक रांग मोजत येत होता. आबांची मान थरथरत होती, गुडघे वाकत होते. कारकून जवळ आला, आबांकडे पाहून त्याने मान हलवली आणि पुढे गेला. मत मोजले गेले.

ठराव पडला. थोडक्यात नव्हे, सपशेल पडला. आबा घरी झोपून राहिले असते तरी तो तसाच पडला असता. खाली बाके वाजली. आता कुणाचे पाय धरायचे, एवढेच मावशींच्या मनात आले, आणि धरण्याजोगे कुणी आठवेना.

कामकाज संपल्यावर शिपायाने त्यांना आत सोडले. आबांभोवती गर्दी होती. विरोधात मत दिलेलेही येऊन, मानलं तुम्हाला, म्हणत होते. दारात फोटोवाले ताटकळत होते. आबा कुणालाच नमस्कार करत नव्हते. दोन्ही हात मांडीवर दाबून बसले होते.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तुमचं पोर नाही आणता आलं मला.”

क्षणभर मावशींना त्यांचा भयंकर राग आला. तेव्हा टुणकन उठला नसतास तर, असे तोंडावर बोलावे, या सगळ्यांसमोर गळा काढावा, असे झाले. तेवढ्यात त्यांची नजर आबांच्या हातांखाली गेली. पँट ओली झाली होती. बाकाखाली थेंब पडत होते.

मावशींनी अंगावरची शाल काढली, आबांच्या मांडीवर पसरली आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली. मग दाराकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“जाऊ देत सगळ्यांना,” त्या म्हणाल्या. “मग उठू आपण.”