दारातल्या तीन पिवळ्या पट्ट्या

मी एक जुनी पिवळी चिकटपट्टी आहे. सध्या स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात, चहाच्या ओल्या चोथ्यावर पडले आहे. अंगाला केस चिकटलेत, कांद्याची सालं चिकटलीत. शी! पण मित्रांनो, मला खरी किळस आली आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

कारखान्यात माझ्या पाठीला गोंद लावला, तेव्हा वाटलं होतं, खोकी बंद करण्यातच जन्म जाणार. पण मला विकत घेतलं एका फिजिओबाईंनी. त्यांनी माझे तीन तुकडे केले आणि या घरात, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधल्या दारात, एकेक पावलाच्या अंतरावर आडवे चिकटवले.

इथले आजोबा उभा जन्म टपाल वाटत हिंडलेले. पुढे त्यांना पार्किन्सनचा आजार झाला. दार आलं की त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. चालायचं मनात असलं, तरी उचलायचेच नाहीत. "पट्टी बघायची आणि ओलांडायची," बाईंनी शिकवलं. आणि खरंच, मला बघून पाय सुटायचे! "ही माझी पिवळी पोस्टमास्तरीण. हिचा हुकूम मोडता येत नाही," आजोबा म्हणायचे. दोन वर्षं मी ही नोकरी चोख केली.

आज आजोबांचे दोन जुने सोबती भेटायला येणार होते. शर्टाची बटणं स्वतः लावायला आजोबांना अर्धा तास लागला, पण लावली. मुलाने मात्र मला नखांनी खरवडून उपटलं. "घराचा नुसता दवाखाना झालाय! पाहुण्यांना दिसायला नको," म्हणत त्याने मला डब्यात फेकलं.

पाहुणे आले. स्वयंपाकघरात बसलेले आजोबा उठले, दारापर्यंत आले आणि दाराच्या पडद्याआड खिळले. हाक मारायला गेले, तर आवाज ओठांतच विरला. या आजाराने आवाजही बारीक केला होता. पलीकडून मुलाचे गोड शब्द आले, "बाबांना झोप लागलीय हो. पुन्हा कधीतरी या ना."

बाप तीन पावलांवर उभा! मित्रांनो, त्या गोडव्याची जी शिसारी आली, ती चोथ्याचीही आली नव्हती.

बाहेर खुर्च्या सरकल्या. सोबती निघाले होते. आजोबांनी छाती भरून श्वास घेतला. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी रोज घोटून घेतलेला 'आऽऽ' त्यांनी पोटातून काढला. "आऽऽ! जागा आहे मी, गाढवांनो!"

"हा झोपेतही शिव्या देतो वाटतं!" एक सोबती म्हणाला.

मुलगा धावत आला आणि त्यांचा हात धरून ओढू लागला. आजोबा पुढे झुकले, पाय मात्र जागचे हलेनात.

"सोड आधी! पाडशील त्यांना," आवाज ऐकून मागच्या दाराने आत आलेली आजी ओरडली. तिने आपलं पाऊल आजोबांच्या पावलापुढे आडवं ठेवलं. "हं, ओलांडा."

"पाय तुडवला तर?"

"तुडवून तर बघा!"

आजोबांनी पाय उचलला. एक पाऊल, मग दुसरं. तिसऱ्याला सोबत्यांनीच त्यांना मिठीत घेतलं. मुलगा पडद्याशी मान खाली घालून उभा राहिला.

मित्रांनो, माझा गोंद आता संपला. पण दारात कुणी असं खिळलेलं दिसलं, तर त्याला ओढू नका आणि लपवू तर मुळीच नका. शेजारी उभे राहा, आपलं पाऊल त्याच्यापुढे आडवं ठेवा, आणि तो ओलांडेपर्यंत मागे घेऊ नका.