ठुशीची दोरी

शिवांजलीनं मावशीच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला आणि कानाखाली, मानेच्या कडेला असलेली गाठ दोन बोटांनी चाचपली. बोराएवढी होती. मऊ, बोटाखालून निसटणारी.

“गीळ बघू.”

“काय गिळू? आदी च्या तर दे.”

“थुंकी गीळ, मावशी.”

लीलाबाईंनी डोळे मिटले, कडू काढा घेतल्यासारखं तोंड केलं आणि आवंढा गिळला. गाठ जागची हलली नाही. शिवांजलीनं हात काढून घेतला. मग उगाचच स्वतःच्या कुर्त्याच्या बंद गळ्याचं वरचं बटण लागलंय की नाही ते पाहिलं.

“कधीपासून आहे ही?”

“कुनाला म्हाईत. आरशात कोन बघतंय हितं? म्हशी का तुजा काका?”

काका सेलमला होते. विट्याच्या आसपासच्या गावांतल्या बहुतेक घरांसारखं याही घरातले पुरुष परमुलखात सोनं गाळायच्या दुकानावर. मुलगा ऋषिराज लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तिकडेच गेला होता. घर, म्हशी आणि उसाचं पाणी मावशी एकटी बघायची.

“मग आत्ताच फोन का केलास?”

“तूच म्हनतीस न्हवं, गाठ दिसली की दाकवावी? उद्या चल माज्यासंगं सांगलीला. म्या नंबर लावलाय.”

इथंच शिवांजलीला खटकलं. पायाला इंगळी डसली तेव्हा आधी म्हशीची धार काढून मग दवाखान्यात गेलेली ही बाई. तिनं आपण होऊन डॉक्टर शोधला, नंबर लावला आणि साताऱ्याहून भाचीला बोलावून घेतलं? मावशी काहीतरी दडवत होती.

दडवलेल्या गोष्टींचा शिवांजलीनं धसका घेतला होता. तिच्या आईलाही, राहीबाईंना, अशीच मानेच्या कडेला गाठ आली होती. सुई टाकून तपासली आणि टीबीची ठरली. कोर्स सुरू झाला. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली, पण गाठ बसली नाही. दुसरीकडे नेलं तेव्हा कळलं, की दुखणं गाठीतलं नव्हतंच. मूळ पुढं, थायरॉइडमध्ये होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. वरून हाताला लागत नव्हतं. आणि जात वाईट होती. ते तिथं गुपचूप बसून कडेच्या गाठीत आणि छातीत उतरलं होतं.

आई जाऊन वर्ष झालं. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या शिवांजलीनं या वर्षात कादंबऱ्या सोडून थायरॉइडवरच वाचलं होतं. थायरॉइडची गाठ गिळताना घोटाबरोबर वर-खाली होते, हे तिला पाठ झालं होतं. एसटीत पाणी पिणाऱ्या कंडक्टरची मान, वर्गात मान उंचावून फळा बघणाऱ्या मुलींचे गळे, सगळीकडे तिची नजर त्याच जागी जायची. आईच्या डॉक्टरांनी तेव्हा जवळच्या सगळ्यांनी माना तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. मावशीनं मनावर घेतलं असतं तर आज ही वेळ आली नसती, असं तिला वाटून गेलं.

चहा पिताना तिनं विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलंच.

“ठुशीची दोरी बदलून झाली का गं?”

“न्हाई अजून,” मावशी कपातून वर न बघता म्हणाली.

ठुशी आईची होती. ऋषिराजच्या साखरपुड्याला आणि मग वैशाखात लग्नाला शिवांजलीनं ती घातली होती. दोन्ही वेळी मागं उभं राहून मावशीनंच बांधली. लग्नाच्या दिवशी दोरीवरचा सरकता मणी पार टोकाकडं न्यावा लागला. मावशी हसून म्हणाली, “पोरी, सातारचं पानी मानवलं की तुला!” पण तिची बोटं मण्यावरच रेंगाळली. दुसऱ्या दिवशी निघताना दोरी कुजलीय, बदलून देते म्हणून तिनं ठुशी ठेवून घेतली. त्यानंतर पावसाळा सरत आला तरी ठुशीचं नाव नाही. आईच्या सोन्यावर मावशीचा डोळा असेल, असं मनात आणायचीही शिवांजलीला लाज वाटायची. आणि तरी ते मनात यायचं.

सकाळच्या सांगली गाडीत मावशी खिडकीशी बसली. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. तासगाव मागं पडलं तसा तिचा फोन वाजला. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं.

“व्हय, निगालोय. न्हाई न्हाई, तिला कायबी बोलले न्हाई.”

“कुणाचा फोन?”

“सोनाराचा.”

“सोनाराचं असं काय, जे मला सांगायचं नाही?”

“तुजी मिरवनूक काडायची हाय म्हनत हुता,” मावशी म्हणाली आणि पिशवी आणखी जवळ ओढली.

शिवांजली बाहेर द्राक्षाचे मांडव बघत बसली. दवाखान्याच्या वाटेवर सोनाराशी काय बोलणं असतं? उपचाराला पैसे उभे करायचे असतील, तर दुखणं आधीच कळलेलं असणार. आणि मोडायला ठुशीच काढली असणार.

सांगलीचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. टेबलाशी बसलेल्या बाईनं, जरिना म्हणून तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, मान वर करून पाहिलं आणि ओळखीचं हसली.

“या लीलाबाई! गुडघं काय म्हणतात? आज एकट्या नाही व्हय?”

मावशीनं तिच्याकडं बघून डोळे वटारले. जरिना घाईनं कागद चाळू लागली.

“तू इथं आधी आलीयस?” शिवांजलीनं विचारलं.

“ती समद्यास्नी आसंच बोलतीया.”

“तिला तुझं नाव माहीत आहे. गुडघे माहीत आहेत.”

“गुडगं समद्यांचंच दुकत्यात की.”

आता शंकेला जागाच राहिली नाही. मावशीची तपासणी झालेली होती. निदान वाईट होतं. ते आपल्या तोंडानं सांगवेना, म्हणून भाचीला डॉक्टरांसमोर आणून बसवलं होतं. शिवांजलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज घोगरा निघाला. तिनं घसा खाकरला.

“गळा बसलाय तुजा,” मावशी म्हणाली.

“कॉलेजात ओरडून.”

“कवाधरनं?”

“मावशी, आज आपण तुझं बघायला आलोय.”

मावशीनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या बंद गळ्याकडं पाहिलं आणि पिशवी छातीशी धरली.

आत डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पण मावशीच्या मानेला हात लावला नाही. शिवांजलीला हेही खटकलं. त्या बोलायची वाट बघायची नाही असं तिनं ठरवलं.

“माझ्या आईचं निदान चुकलं होतं. म्हणून आधीच सांगते. गाठ कडेला आहे, पण नुसती गाठ बघू नका. थायरॉइडची सोनोग्राफी करा. सुईत साधं पाणी आलं तरी सोडू नका. त्या पाण्यात थायरॉइडचा अंश सापडतो का ते तपासा. टीबीचं औषध तर—”

“बरोबर आहे तुमचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे सगळं केलंय आम्ही. मागच्या महिन्यात. तुमच्या मावशींची गाठ चरबीची आहे. थायरॉइड स्वच्छ आहे. त्यांना काही झालेलं नाही.”

शिवांजली वळली. मावशी पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. तिनं आधी रुमाल काढला, त्याची गाठ दातांनी सोडवली आणि आईची ठुशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. दोरी तीच होती. लाल, जुनी, घामानं काळवंडलेली.

“ह्ये बगा बाई, परवा फोनवर सांगितलं त्ये. ह्यो मनी. साकरपुड्याला हितं बसला हुता, ही बगा खून, दोरा दबलाय. आन लग्नाला हितं. दोनीबी टायमाला म्याच बांदली. मदी पोरीचं वजन उतरल्यालं, गालं बसल्यालं, आन गळा तेवडा वाडल्याला.”

डॉक्टरबाईंनी दोरी उचलून उजेडात धरली.

“आणि ही पुढची खूण कशाची?”

मावशीनं पदरानं नाक पुसलं.

“अक्काची, हिच्या आईची. तिचीबी म्याच बांदायची. गाटीनं मान भरलीया, कुनाला ठावं! म्हशीवानी फुगलीस म्हनायचे तिला. दोगीबी हासायचो.”

डॉक्टरबाईंनी ठुशी परत टेबलावर ठेवली.

“मला फसवून आणलंस. गाडीतला फोनही इथलाच होता,” शिवांजली म्हणाली.

“सांगून आली आसतीस?”

“मला विचारायचं तरी.”

“इचारलं की. संक्रांतीला इचारलं, लग्नात इचारलं. ‘बगू’ म्हनलीस. अक्काच्या मागारी दवाखान्याची पायरी तू माज्यासाटी चडशील, सोतासाटी न्हाई, ह्ये काय मला कळत न्हाई व्हय?”

शिवांजलीनं ठुशीकडं पाहिलं. हात पुढं केला, पण ठुशीला लावला नाही.

“वरचं बटण काढता का?” डॉक्टरबाई उठत म्हणाल्या.

तिचा हात आधीच तिथं होता. बटण निघायला वेळ लागला. गळा उघडा पडल्यावर तिला एकदम गार वाटलं. डॉक्टरबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि त्या खुर्चीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. ठुशी बांधायला मावशी उभी राहायची तशाच. दोन्ही बाजूंनी बोटं पुढं आली आणि गळ्यावर हलकेच टेकली.

“एक घोट घ्या. सांगेन तेव्हा गिळा.”

समोर मावशी बसली होती. शिवांजली वर्षभर सगळ्यांच्या गळ्यांकडं जशी बघत आली होती, तशीच मावशी आता तिच्याकडं बघत होती.

“गिळा.”

तिनं गिळलं. बोटं घोटाबरोबर वर गेली, खाली आली, उजव्या बाजूला सरकली आणि तिथं थांबली.

“अजून एक घोट,” डॉक्टरबाई म्हणाल्या.