लाकडी कोठडीतला आवाज

सुदर्शनचा हात चालायचा तो नेहमी कपड्याआड. दंड, पाठ, बरगड्या. तोंडाला कधी लावायचा नाही; मराठी मंडळाचा अध्यक्ष होता ना! परदेशातल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या फ्लॅटच्या भिंती पातळ, म्हणून मेला दातओठ खात, पुटपुटत मारायचा. त्याची बायको विशाखाही तोंडात ओढणीचा बोळा कोंबून घ्यायची. पलीकडच्या खोलीत त्यांची लेक प्रांजली असायची.

एकदा धीर करून विशाखानं पूर्णिमावहिनींपाशी तोंड उघडलं. वहिनी म्हणजे मंडळातल्या सगळ्या बायकांच्या थोरल्या जाऊबाई. त्या म्हणाल्या, संसारात भांड्याला भांडं लागायचंच, आणि सुदर्शनसारखा देवमाणूस असं करील? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कसं गं मानू? झालं! तेव्हापासून विशाखाला एकच ध्यास लागला. कुणीतरी आपलं खरं मानावं. नाहीतर पोरीला घेऊन बाहेर पडलं, तरी लोक म्हणणार, बाईच चक्रम.

नोकरी तेवढी तिची स्वतःची होती. एका जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत संग्रहालय होतं, तिथं ती लोकांना मारख्रीटची गोष्ट सांगायची. मारख्रीट शेकडो वर्षांपूर्वीची विदुषी. लॅटिन यायचं, हिब्रू यायचं, भूमितीत भल्याभल्यांना पाणी पाजायची. पण बाई समोर बसली तर पोरांची चित्तं ढळतील, म्हणून पंडितांनी सभागृहाच्या भिंतीत लाकडी कोठडी बांधली, तिला भोकं पाडली आणि हिला आत बसवलं. ऐक, पण दिसू नकोस! बिचारी वर्षानुवर्षं खोकलासुद्धा दाबून बसली. एक दिवस मात्र गुरुजींच्या प्रश्नाला एकाही पोराला उत्तर येईना, तेव्हा हिनं आतून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या शहाण्यांनी तिला बाहेर ठेवून कोठडीच्या दाराला खिळे ठोकले.

गोष्ट संपली की विशाखा लोकांना बाकांवर बसवायची, चिडीचूप राहायला सांगायची आणि मागच्या जिन्यानं स्वतः कोठडीत जाऊन मारख्रीटचं एक वाक्य म्हणायची. आत कुजबुजलं तरी शेवटच्या बाकापर्यंत लख्ख ऐकू जायचं.

त्या रविवारी मंडळाची सहल तिथं आली. सुदर्शननं ऐटीत सगळ्यांना सांगितलं, ही कोठडी पापाची कबुली द्यायची. विशाखानं सहज दुरुस्त केलं. लोक हसले. तो फोनचं निमित्त करून बाहेर गेला, त्यामुळे पुढची गोष्ट त्यानं ऐकलीच नाही. तिनं सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि ती जिना चढली. ती कोठडीत शिरते न शिरते, तोच तोही मागून आत घुसला आणि त्यानं दार लावलं.

चारचौघांत माझी अक्कल काढतेस, असं पुटपुटत त्यानं बरगडीत गुद्दा घातला. मग केस धरून डोकं लाकडावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. सवयीनं विशाखाचा हात ओढणीकडे गेला. बोळा तोंडात कोंबता कोंबता भोकांतून तिला पहिल्या बाकावरच्या पूर्णिमावहिनी दिसल्या. मान वर करून त्या वाट बघत होत्या. विशाखानं बोळा थुंकून टाकला.

"सुदर्शन, ही बरगडी तू मागेच मोडलीयस," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "आज दुसरीकडे मार."

"मोडली तर मोडली. मोडेन नाहीतर जाळेन, बायको माझी आहे," तो कुजबुजला. "इथे राहतेस ती माझ्या व्हिसावर. तोंड उघडलंस तर पोरीला इथेच ठेवून एकटीला परत धाडीन."

एवढं बोलून त्यानं तिचा गळा धरला. अंगठे आत रुतले. तिनं त्याच्या मनगटात नखं घुसवली, रक्त निघालं, तरी तो सोडेना. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"सोड तिला." भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. "सुदर्शन, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

त्याचे हात गळून पडले. त्यानं भोकाला डोळा लावला, तर अख्खं मंडळ त्याच्याकडे बघत होतं. कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं. विशाखा खोकत उठली, तिनं भोकांपाशी तोंड नेलं आणि फुटक्या आवाजात मारख्रीटचं वाक्य म्हटलं. लोकांना तेच ऐकायला तर बसवलं होतं.

"ऐकत होते तोवर मी विदुषी होते. बोलले, आणि नुसती बाई झाले."

मंडळाचे लोक जिना चढून आले आणि त्यांनी सुदर्शनला बाहेर ओढलं. मागोमाग वहिनी आल्या. त्यांना वर बघवत नव्हतं. रडत त्यांनी विशाखाला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला.

"तिथं नको, वहिनी," विशाखा म्हणाली. "तिथं मोडलंय."