दोन कापडं

मामांच्या झोपडीच्या ठेंगण्या दारातून पोइंदी वाकून आत शिरला आणि बसण्याआधीच त्याने माफी मागायच्या रीतीप्रमाणे फुलाफुलांच्या कापडाची घडी चटईवर ठेवली. घडीवर तंबाखूची पुडी आणि एक कोनफळ. बेला, त्याची शिकारी कुत्री, दाराबाहेर होती. दोरीचं टोक त्याने मुठीतच धरलं होतं.

"मामा, माझ्या अंगातलं रक्त तुमच्या घरचं. म्हणून तुमच्याच पुढ्यात आलोय. या कापडात माझी चूक आहे. ती पदरात घ्या."

गोवे मामांनी घडी उलगडली. आत राखी पिसं होती आणि एक लाल पाय. कागू. मामांच्या कुळाचा पक्षी. त्याला उडता येत नाही, आणि कुत्रं समोर आलं तरी तो पळत नाही, नुसते पंख पसरून उभा राहतो.

"कुत्रीनं?"

"डुकराच्या मागावर सोडली होती. मी पोचेस्तोवर सगळं संपलं होतं."

वाटभर पोइंदीचा जीव टांगणीला लागला होता. बेला होती म्हणून घरात मांस शिजत होतं, आणि बायको गेल्यापासून सोबतही तिचीच. पण कुळाच्या पक्ष्यापुढे कुत्रीची गय कोण करणार?

मामा उठले. आढ्यात खोचलेलं एक मळकं कापड त्यांनी काढलं आणि पोइंदीपुढे सोडलं. त्यातही पिसंच होती, वाळलेली.

"बेलाच्या आईनं, माझ्या म्हाताऱ्या कुत्रीनं. तीन वर्षं झाली. आणि तरी तिची पोर मी तुझ्या हातात दिली."

"कधी बोलला नाहीत."

"तू माझ्याकडे आलास. कुळात थोरला मीच, मी कुणाकडे जाणार होतो? माझं कापड मलाच देऊ?"

ऊन अजून दरीत उतरलं नव्हतं. खालून कागूची हाक आली, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तशी. हा पक्षी जोडीने गातो. एक थांबला की दुसरा धरतो. हाक थांबली. दोघे ऐकत राहिले. मग तोच आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

बाहेर बेला उठली. दोरी ताणली गेली. पोइंदीने दोरीचा हाताला एक वेढा घातला.

मामांनी दोन्ही कापडं एकत्र बांधली.

"बंदूक आणलीस?"

"आणलीय."

"काडतुसं?"

"एकच."

"दुसरं मी देतो," म्हणत मामा वाकून बाहेर पडले आणि आपली म्हातारी कुत्री सोडायला घरामागे गेले.